'आत्मबळ' म्हणजे पवित्र आत्म्याचं बळ होतं का?

प्रश्न असा आहे की साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते, लिहिताना एका ताईंनी "त्या कठीण काळात मी आत्मबळावर उभी राहिले" असं लिहिलं, मनात अर्थ होता पवित्र आत्म्याने दिलेलं बळ, पण वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "मग यात देव कुठे आला?" तर हा शब्द चालेल का?

नाही चालणार, आणि मैत्रिणीची शंका अगदी बरोबर आहे. मराठीत 'आत्म' हा समासात पहिला आला की त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'स्वतः' असाच होतो. आत्मचरित्र, आत्मस्तुती, आत्मविश्वास, आत्मनिर्भर, आत्मघात, सगळे बघा, कुठेही देवाचा आत्मा नाहीये. संस्कृतमध्ये 'आत्मन्' स्वतः या अर्थाने सर्रास येतो, तीच सवय मराठीत उतरली. म्हणजे 'आत्मबळ' वाचणाऱ्याला सरळ 'स्वतःच्या मनाची ताकद' असंच कळणार, आणि साक्षीत सांगायचं होतं ते नेमकं याच्या उलट, की माझ्यात ताकद उरली नव्हती आणि तरी मी उभी राहिले ती देवामुळे.

गोंधळ होतो कारण मराठी बायबलमध्ये 'आत्मा' हा शब्द हिब्रू 'रूआख' आणि ग्रीक 'न्यूमा' यांच्यासाठी येतो, आणि त्या दोन्ही शब्दांत श्वास, वारा हेही अर्थ आहेत, 'स्वतः' हा अर्थ तिथे मुख्य नाहीच. पण एक गोष्ट लक्षात घ्या, देवाच्या आत्म्याबद्दल बोलताना मराठी बायबल समास न करता शब्द सुटा ठेवतं: आत्म्याने, आत्म्याच्या द्वारे, आत्म्याचे फळ. 'आत्मफळ' कोणी म्हणत नाही. 'आत्मिक' मात्र चालतं, आत्मिक जीवन, आत्मिक वाढ, कारण तिथे समास नाही, प्रत्यय आहे. आणि आत्मसमर्पण म्हणायलाही हरकत नाही, कारण तिथे खरंच स्वतःलाच द्यायचं असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकातलं, जखऱ्या ४:६, "बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने". हे वचन आपण भिंतीवर लावतो पण ते कोणाला सांगितलंय ते विसरतो. ते यहूदाचा अधिकारी जरुब्बाबेल याला आहे, इ.स.पू. ५२०च्या सुमाराला, बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले थोडे लोक, स्वतःचा राजा नाही, सैन्य नाही, आणि मंदिराचं काम अर्धवट पडलेलं. तिथे 'बल'साठी जो हिब्रू शब्द आहे, 'खयिल', त्याचा अर्थ सैन्य आणि संपत्ती असाही होतो, म्हणजे जे त्यांच्याकडे नव्हतं नेमकं त्याचंच नाव घेऊन देव म्हणतोय की काम त्याने होणारच नाहीये. आता 'माझ्या आत्म्याने' हे काढून तिथे 'आत्मबळाने' घालून बघा, वचन उलटं होतं, जरुब्बाबेला हिंमत धर, तुझ्यात ताकद आहे, असं काहीतरी, आणि ते तर देव म्हणतच नाहीये!

कोणी म्हणेल की बळ शेवटी माणसाच्या आतच येतं ना, मग त्याला आत्मबळ म्हटलं तर बिघडलं काय. इफिस ३:१६ मध्ये प्रेषित पौल हेच मागतो, की तुम्ही आत, अंतर्यामी बलवान व्हावं. पण त्याच वाक्यात तो 'त्याच्या आत्म्याच्या द्वारे' असं म्हणतो. बळ राहतं आपल्यात, पण येतं देवाकडून, आणि 'आत्मबळ' हा शब्द ही दुसरी बाजू गिळून टाकतो. मला तरी ख्रिस्ती जीवनात हीच बाजू सगळ्यात मोलाची वाटते, कारण आपलं बळ संपल्यावरही ती तशीच राहते. पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर मिळालं की कृपा पुरे आहे आणि अशक्तपणातच शक्ती पूर्ण होते. आत्मबळ अशक्तपणात कमी होतं हो, हे बळ तिथेच दिसतं.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा असा नाही, १ करिंथ १५:१० मध्ये पौल म्हणतो मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच पुढे, पण ते मी नाही, देवाच्या कृपेने. म्हणून वाक्यात 'मी उभी राहिले' तसंच ठेवा, क्रियापद तुमचंच आहे, फक्त बळ कोणाचं ते नीट येऊ दे: "त्या कठीण काळात मी पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने उभी राहिले". प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये पवित्र आत्मा आणि सामर्थ्य हे दोन शब्द असेच एकत्र येतात, त्यामुळे मंडळीत कोणालाही लगेच कळेल. 'देवाच्या बळावर' हेही शुद्ध आहे, बोलताना मी तेच म्हणते. फक्त 'देवाच्या जिवावर' टाळा, 'दुसऱ्याच्या जिवावर' म्हटलं की मराठीत ऐतखाऊपणाची छटा येते.