हायस्कूल गाजवलेले क्वार्टरबॅक कॉलेजच्या ऑफेन्समध्ये कसे रुळतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. हायस्कूलमध्ये ढीगभर टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकलेला असा मुलगा कॉलेजात गेल्यावर एवढा का अडखळतो, आणि तिथला ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची पद्धत, त्याच्या अंगवळणी कसा पडतो, असं तुम्ही विचारलंय. मी ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. शुक्रवारी रात्री हायस्कूलची आणि शनिवारी कॉलेजची मॅच हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे.

माझं ठाम मत आहे की अडचण हातात नसते, नजरेत असते. हायस्कूलमध्ये रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, मोकळा झालेला दिसला की मग बॉल फेकला तरी चालून जातं. कॉलेजात दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. रिसीव्हर अजून पाठमोरा पळत असतो, तेव्हाच बॉल हातातून सुटलेला हवा. त्यासाठी स्नॅपआधी, म्हणजे बॉल हातात येऊन चाल सुरू होण्याआधी, मागे सेफ्टी (बचावातले सर्वांत मागचे खेळाडू) एक आहे की दोन, हे हेरायचं. आणि स्नॅप होताच ते जागा बदलून फसवू लागले, तर मनातलं उत्तर तिथल्या तिथे खोडून नवं लिहायचं. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत.

मैदानाची भूमितीही बदलते. रुंदी तीच, १६० फूट. पण प्रत्येक चाल दोन हॅश मार्कांच्या (मैदानावरच्या खुणांच्या ओळींच्या) मधूनच सुरू होते, आणि त्यांच्यामधलं अंतर हायस्कूलला ५३ फूट ४ इंच असतं, कॉलेजला ४० फूट. म्हणजे बॉल मधल्या भागाकडे सरकतो, आणि वर्षानुवर्षं डोळ्यांत बसलेली मापं चुकायला लागतात.

शिवाय भाषा. आमच्या शेजारचा मुलगा हायस्कूलला असताना बाहेरून कोच आकडा ओरडायचा, हा मनगटावरच्या पट्टीत तो शोधायचा, संपलं. कॉलेजात मात्र फॉर्मेशन (मांडणी), मोशन (स्नॅपआधीची हालचाल), प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकचं रक्षण), रूट (रिसीव्हरच्या धावण्याची वाट) असं सगळं सोबत्यांना एका दमात सांगायचं. तो उन्हाळाभर त्याची आई गॅरेजमध्ये कार्डं घेऊन उभी असायची. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला आजोबांनी म्हणून घेतलेली पावकी-निमकी आठवायची. २०२४ पासून वरच्या पातळीवर हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो खरा, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढे मुलगा एकटा.

पण जुळवून फक्त मुलानेच घ्यावं हे मला पटत नाही. आमच्या ओहायोचाच क्वार्टरबॅक जो बरो बघा. ॲथेन्स हायस्कूलमध्ये २०१४ च्या हंगामात ६३ टचडाउन पास, मग ओहायो स्टेट विद्यापीठात तीन वर्षं राखीव. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेल्यावर २०१८ मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण, टचडाउन १६. २०१९ ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी हा कोच आला, ऑफेन्स मोकळाढाकळा स्प्रेड (खेळाडू मैदानभर पसरवणारा) झाला, आणि त्याच मुलाने ७६.३ टक्के पास पूर्ण करत ६० टचडाउन टाकले. संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले, बरोला हाइझमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. अनुभवाचा वाटा आहेच, पण एका वर्षात कुणाचा खांदा बदलत नाही.

शेजारचा मुलगा पहिल्या वर्षी रेडशर्ट, म्हणजे संघात असून बाहेर ठेवलेला, होता. चारपर्यंत सामने खेळले तरी ते वर्ष पात्रतेत मोजलं जात नाही. हा एकही खेळला नाही. नाताळच्या सुट्टीत घरी आला तेव्हा आईने सहज एक जुनं कार्ड काढलं. भांडी पुसता पुसता, मान वर न करता, त्याने अख्खा कॉल म्हणून दाखवला.