पडझडीनंतर जुनी वस्ती: वाचकांचे प्रश्न

भूकंपात आमची गल्ली खिळखिळी झाली. इथे ना वाडा, ना देऊळ. साध्या घरांना ऐतिहासिक कोण म्हणणार?

एकेक घर पाहू नका, अख्खी गल्ली पाहा. रस्त्याची रुंदी, छपरांची रेघ, ओटे, सामाईक भिंती एकमेकांशी जुळत असतील तर तोच तुमचा वारसा. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला होली क्रॉस हा असाच साध्या लाकडी घरांचा भाग. २००५ च्या कॅटरिना वादळाआधीच त्याची अख्खी वस्ती म्हणून राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली होती. त्यामुळे तिथल्या केंद्र सरकारच्या पैशाने घर पाडायचं तर आधी १९६६ च्या अमेरिकी वारसा कायद्याखाली तपासणी करावी लागे. अशी नोंद संकटाआधी झालेली बरी. नसेल तर आजच अर्ज करा.

उद्या ढिगारा उचलायला जेसीबी येतोय. हातात एकच दिवस आहे.

सगळ्यात आधी फोटो. गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करा. प्रत्येक घराचा समोरून एक आणि दोन्ही कोपऱ्यांतून एकेक फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी उभी धरून. तडे गेलेल्या घरात मात्र इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. इटलीतल्या व्हेन्झोने गावात १९७६ च्या मे महिन्यातल्या भूकंपातून जे वाचलं, त्यातलं बरंचसं सप्टेंबरच्या धक्क्यांनी पाडलं. पण तिथल्या माणसांनी चर्चचे दगड फेकले नाहीत. ते मैदानात मांडले, त्यांना नंबर दिले आणि एकेक दगड ओळखून जागच्या जागी बसवला. मला आजही हे आठवलं की धीर येतो. तुम्हीही चौकटी, खांब, कोरीव तुळया बाजूला काढा. नंबर खडूने टाकू नका, पावसात जातो. पत्र्याची चकती तारेने बांधा आणि ती वस्तू कुठे पडली होती ते वहीत लिहा. सगळं कुलपात ठेवा, कारण कोरीव लाकूड लगेच चोरीला जातं.

पुराचं पाणी पाच दिवस घरात होतं. कंत्राटदार म्हणतो, गिलावा आणि लाकूड सगळं काढून टाका.

त्याला थांबवा. जिप्सम बोर्ड, म्हणजे भिंतीला लावायची तयार फळी, भिजला की गेला, पण चुन्याचा गिलावा आणि जुनं घट्ट लाकूड बहुधा वाळून पुन्हा उभं राहतं. चिखल धुवा, दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा. गरम हवा मारू नका, फळ्या पिळवटतात. वाळायला कित्येक आठवडे लागतील, तोवर रंगही नको. डागडुजीला सिमेंट वापरू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून सडते.