४० डॉलरचा डबा आणि आतला टाय कॉब

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. हकीकत थोडक्यात अशी. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते १२ वर्षांच्या मुलाला घेऊन शेजारच्या गावात इस्टेट सेलला गेले होते. घरातल्या आजीबाई वारलेल्या, घर रिकामं करायला एक कंपनी नेमलेली, खोल्याखोल्यांतून वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या. तिथे त्यांनी सिगारचा एक लाकडी डबा उचलला. आत बटणं, दोऱ्याची रिळं आणि तळाशी तपकिरी पाकिटात माणसांची छोटी रंगीत चित्रं. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, हा टाय कॉब आहे!" गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?" हे म्हणाले, "बटणं, आणि काही जुनी चित्रं." बाई म्हणाल्या, "असेल ते डब्याबरोबर. ४० द्या." पावती झाली. घरी येऊन मोजली तर जुन्या काळच्या बेसबॉलपटूंची ३१ कार्डं निघाली. टाय कॉब, क्रिस्टी मॅथ्यूसन, साय यंग, वॉल्टर जॉन्सन, आणि एकावर चक्क वॅग्नर.

मुलाने ती कार्डांच्या एका प्रदर्शनात दाखवली आणि बोलता बोलता गोष्ट आजीबाईंच्या नातवापर्यंत पोचली. त्याचं पत्र आलंय की डबा चुकून विकला गेला, कार्डं माझ्या पणजोबांची आहेत, १० दिवसांत परत करा, नाहीतर कोर्टात भेटू. वाचक विचारतात: परत द्यावी लागतील का? दरम्यान विकली तर? आणि त्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला "बहुतेक लॉटरी लागली" हा मेसेज पुसून टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो: अजिबात पुसू नका. दाव्याची धमकी हातात आल्यानंतर पुरावा नष्ट केला, तर तो पुरावा तुमच्या विरुद्धच होता असं गृहीत धरायची मुभा कोर्टाला मिळते. शिवाय त्या मेसेजमधल्या 'बहुतेक' या शब्दाने कदाचित तुमचंच भलं होईल. ते कसं, हे पुढे येईलच.

आता तुमच्या हाती काय लागलंय ते पाहू. तुमच्या वर्णनावरून ही कार्डं संग्राहक ज्याला 'टी-२०६' म्हणतात त्या संचातली दिसतात. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने ती सिगारेटच्या पाकिटांत घातली. पाकीट चेमटू नये म्हणून आत जाड कागद लागायचा, त्यावरच खेळाडूचं चित्र छापायचं आणि मागे पीडमॉन्ट किंवा स्वीट कॅपोरल अशा ब्रँडची जाहिरात. रुंदी दीड इंचाहून जराशी कमी, उंची अडीच इंचाहून जराशी जास्त. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवायचे, तशी तिथली पोरं ही जमवायची. टी-२०६ हे नाव जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या यादीत दिलं. त्याचा प्रचंड संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, पहिले पाच खेळाडू निवडले गेले: कॉब, बेब रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन, जॉन्सन. बेब रूथ मोठ्या लीगमध्ये १९१४ साली आला म्हणून तो या संचात नाही, बाकीचे चारही आहेत. तुमच्या डब्यातही चारही आहेत, म्हणूनच नातवाची झोप उडालीय.

पण वॅग्नरवर लगेच भाळू नका. होनस वॅग्नरने आपलं चित्र वापरायला नकार दिला आणि छपाई थांबली असं मानतात. आज त्याची जेमतेम साठेक कार्डं माहीत आहेत. २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. म्हणूनच त्याच्या नकला दशकानुदशकं छापल्या गेल्या आहेत, आणि खऱ्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात कुणीतरी हौसेने ठेवलेली नक्कल सापडणं नवल नाही. कॉब खरा आणि वॅग्नर खोटा असं अगदी होऊ शकतं. तेव्हा भांडण किती डॉलरचं आहे हे कुणालाच ठाऊक नसताना उत्तराच्या पत्रात एकही आकडा लिहू नका.

आता मूळ प्रश्न. विक्री मोडता येते का? नातवाचा वकील हुशार असेल तर तो १८८७ सालचा मिशिगनचा गाईचा खटला काढेल. इथल्या प्रत्येक लॉ कॉलेजात तो शिकवतात. एक जातिवंत गाय भाकड समजून सुमारे ८० डॉलरला विकायचं ठरलं, मग कळलं की ती गाभण आहे आणि निदान ७५० डॉलरची आहे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विकणाऱ्याला सौदा मोडू दिला. दोघांचीही चूक वस्तूच्या मुळाशीच होती, भाकड गाय आणि गाभण गाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असं न्यायालय म्हणालं.

त्याला उत्तर ॲरिझोनात आहे, आणि तेही इस्टेट सेलचंच. तिथे एका जोडप्याने ६० डॉलरला दोन चित्रं घेतली. ती निघाली मार्टिन जॉन्सन हीड या चित्रकाराची, आणि लिलावात त्यांचे १०,७२,००० डॉलर आले. मृताच्या इस्टेटीने, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी, दावा केला. २००० साली तिथल्या अपील कोर्टाने तो फेटाळला. इस्टेटीने नेमलेल्या मूल्यमापक बाईंनी आधीच सांगितलं होतं की चित्रकलेतलं मला कळत नाही; तरीही इस्टेटीने दुसऱ्या कुणाला न दाखवता विक्री लावली. आपल्याला माहिती अपुरी आहे हे माहीत असूनही जो व्यवहार करतो, चुकीचा धोका त्याच्या अंगावर. वॉशिंग्टन राज्यात १९८१ साली याच वळणाचा निकाल झाला. लिलावात ५० डॉलरला घेतलेल्या तिजोरीचा आतला कप्पा कुलूपबंद होता. तो उघडल्यावर ३२,२०७ डॉलर निघाले, आणि ते घेणाऱ्याचे ठरले, कारण तिजोरी 'आत असेल त्यासकट' विकली गेली होती. "असेल ते डब्याबरोबर" हे त्या बाईंचं वाक्य तुमच्या दृष्टीने पावतीइतकंच मोलाचं आहे. डबा तुमच्या हातात उघडा होता, त्या तो बघू शकत होत्या, त्यांनी बघितला नाही.

पण एक फरक मला झाकता येणार नाही. ॲरिझोनातल्या जोडप्याला काहीच ठाऊक नव्हतं. तुमचा मुलगा मात्र बोलला होता. चूक एकाच बाजूची असेल आणि दुसऱ्या बाजूला ती कळायला वाव असेल, तर कायदा विकणाऱ्याकडे झुकू शकतो. तुमची खरी दुखरी जागा ही आहे, आणि नातवाच्या वकिलाला ती सापडणारच.

इथे मला १८१५ सालचं न्यू ऑर्लिन्स आठवतं. तिथेही मामला तंबाखूचाच होता, १११ पिंपं. ब्रिटनशी तह झाल्याची बातमी खरेदीदाराला भल्या सकाळी कळली होती. नाकेबंदी उठणार, भाव चढणार. विकणाऱ्यांच्या माणसाने विचारलं, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? खरेदीदाराने ती सांगितली नाही, आणि सौदा झाला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८१७ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं की आपल्याकडची अशी माहिती समोरच्याला सांगायला खरेदीदार बांधील नाही. मात्र समोरचा फसेल असं काहीही बोलू किंवा करू नये याची काळजी प्रत्येकाने घेतली पाहिजे. तशी फसवणूक झाली का, हे ज्यूरीने ठरवायला हवं होतं, म्हणून खटला परत पाठवला.

तुमचा खटला झालाच तर तो गल्ल्यावरच्या त्या दोन मिनिटांवर उभा राहील. "आत काय आहे" याला तुम्ही "बटणं आणि काही जुनी चित्रं" म्हणालात. हे खोटं नाही. "काही नाही" म्हणाला असतात, किंवा पाकीट बटणांखाली सरकवलं असतंत, तर मी आजच तुम्हाला तडजोड करायला सांगितलं असतं. पण ते पूर्ण सत्य होतं का? तुमचं बालपण क्रिकेटमध्ये गेलं. तुमच्या लेखी टाय कॉब म्हणजे मुलाच्या तोंडी ऐकलेलं एक नाव. कार्ड शंभर वर्षांपूर्वीचं की गेल्या वर्षी छापलेलं, हे तुम्हालाही कळत नव्हतं आणि १२ वर्षांच्या पोरालाही. म्हणून 'बहुतेक लॉटरी' मधला 'बहुतेक' महत्त्वाचा: घरी पोचेपर्यंतसुद्धा तुमची खात्री नव्हती, हे तो शब्द सांगतो. माझ्या मते तुमची बाजू वरचढ आहे. पण गल्ल्यावर तुम्ही पत्रात लिहिलंय त्याहून एकही शब्द जास्त बोलला असाल, तर तो मला आत्ताच कळवा. कोर्टात तो पहिल्यांदा माझ्या कानावर पडायला नको.

दावा करायचा अधिकार कुणाला, हाही प्रश्न आहे. नातू पत्रात कुठेही आपण एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, आहोत असं म्हणत नाही. सेल लावणाऱ्या कंपनीने वस्तू इस्टेटीच्या वतीने विकल्या, म्हणजे विक्री मोडायचा हक्क असलाच तर तो इस्टेटीचा, आणि इस्टेटीच्या वतीने बोलतो एक्झिक्युटर. कौंटीच्या सरोगेट ऑफिसात, म्हणजे मृत्युपत्रांचं काम बघणाऱ्या कचेरीत, दाखल झालेलं मृत्युपत्र कुणालाही बघता येतं. तिथून प्रत काढून आणा. 'कार्डं नातवाला' अशी ओळ त्यात निघालीच, तर ती वस्तू विकली कशी याचा जाब त्याने आधी एक्झिक्युटरकडे मागायला हवा. आणि अशी ओळ नसेल तर नातवाच्या पत्रात फारसा दम उरत नाही. तरी मुदतीच्या भरवशावर गाफील राहू नका: विक्रीच्या करारावरून दावा करायला न्यू जर्सीत ४ वर्षं मिळतात आणि वस्तू परत मागायला ६.

तोपर्यंत कार्डांना कुणाचा हात लागू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की एक ओळखीचे गृहस्थ कोपरे "नीट करून" द्यायला तयार आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवा. जगातला सगळ्यात गाजलेला वॅग्नर १९९१ साली हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतला, पुढे त्याची किंमत २८ लाखांवर गेली. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या मोठ्या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की विकण्यापूर्वी आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. फसवणुकीच्या गुन्ह्यात त्याला तुरुंगवास झाला. कार्डं ज्या पाकिटात होती ते पाकीट, डबा, बटणं, सगळं आहे तसं ठेवा. ही कार्डं एकत्र आणि अस्पर्श होती याचा तोच पुरावा आहे. बँकेचा लॉकर घ्या. घराच्या विम्यात अशा वस्तूंना तोकडी मर्यादा असते, ती एजंटला विचारा. तुमच्या मेहुण्यांनी सुचवलंय की डिसेंबरात पुण्याला जाताना बॅगेत घालून न्या, मग कोण विचारतंय. सगळ्यात जास्त नुकसान करेल असा सल्ला हाच आहे. आज तुम्ही उजळ माथ्याने विकत घेतलेल्या वस्तूचे मालक आहात. लपवलीत की ज्यूरीला तुमचं गल्ल्यावरचं मौनही लबाडीच वाटेल.

वाद मिटेपर्यंत विकू नका. चांगलं लिलावगृह वादातली वस्तू घेणारही नाही. विकाल तेव्हा प्रमाणपत्र देणाऱ्या नामांकित संस्थेकडून तपासून घेऊनच विका, स्वतः "अस्सल" असा शब्द देऊ नका. १९७९ साली आपल्याच राज्याच्या अपील कोर्टाने, १९१६ चं डेन्व्हर टांकसाळीचं म्हणून ५०० डॉलरला विकलेलं एक नाणं नकली निघाल्यावर सौदा रद्द केला. घेणारा स्वतः नाण्यांचा व्यापारी होता, त्याने ते निरखून पाहिलं होतं, तरीही. कराचं इतकंच लक्षात ठेवा की संग्रहाच्या वस्तूवर वर्षाहून जास्त काळ मालकी असेल तर नफ्यावर केंद्राचा मूळ दर जास्तीत जास्त २८ टक्के, त्याआधी विकलीत तर पगारासारखा कर. राज्याचा वेगळा.

तडजोडीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी बोलतो. १९९० साली इलिनॉयमध्ये नोलन रायन या बेसबॉलच्या गोलंदाजाचं १,२०० डॉलरचं कार्ड दुकानातल्या नवख्या मदतनिसाने एका शाळकरी मुलाला १२ डॉलरला दिलं. दुकानदार कोर्टात गेला. सुनावणी चालू असतानाच दोघांनी कार्डाचा लिलाव करून पैसे दानधर्माला द्यायचं ठरवलं. तुम्ही तसंच करावं असं मी म्हणत नाही. पण त्या नातवाला पैशापेक्षा पणजोबांच्या हातचं काही हवं असेल, तर मॅथ्यूसनचं एखादं कार्ड देऊन कायमची सुटका होऊ शकते. तसं झालं तर कागदावर एक्झिक्युटरची सही हवी, नुसत्या नातवाची चालणार नाही, आणि "कोणताही दोष मान्य न करता" हे शब्द हवेत.

१० दिवसांपैकी ४ गेले आहेत. उत्तर टाळू नका आणि मोठंही लिहू नका. एवढंच पाठवा: "तुमचं पत्र मिळालं. डबा आतल्या वस्तूंसह मी रीतसर किंमत देऊन घेतला आहे. वस्तू सुरक्षित आहेत, आणि तूर्त त्या मी विकणार नाही. तुम्ही इस्टेटीच्या वतीने लिहीत असाल तर तसा अधिकारपत्राचा कागद पाठवा." रजिस्टर्ड डाकेने पाठवा, पावती जपा.

मुलाशी बोला, पण त्याने काय सांगायचं ते शिकवू नका. उद्या वकिलासमोर शपथेवर त्याला विचारलं जाऊ शकतं की तू बाबांना काय म्हणालास. आज रात्री त्याला स्वतःच्या शब्दांत, आठवतंय तेवढं, वहीत लिहू द्या. खाली तारीख घाला. तुम्ही न वाचता ते पाकिटात बंद करा आणि मला भेटायला याल तेव्हा घेऊन या.