मोठ्या वयात एडीएचडीचं निदान झालं. गोळी सुरू करावी की आधी ब्राह्मी, ध्यान वगैरे करून पाहावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: वय ३६, नाशिकला अकाउंट्सचं काम, पंधरा मिनिटांच्या भेटीत सायकियाट्रिस्टनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगून मिथाइलफेनिडेट ही गोळी लिहून दिली. चिठ्ठी आठवडाभर पाकिटात पडून आहे. सवय लागेल अशी भीती वाटते, आणि आई म्हणते गोळ्यांच्या नादी लागू नकोस, ब्राह्मी घे, पहाटे ध्यान कर.

गोळीच्या आधी निदानाचं बघू, कारण पंधरा मिनिटांत हे निदान नीट होत नाही. नियम असा आहे की, १७ वर्षांच्या पुढच्या माणसात लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि कामावर अशी निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि मुख्य म्हणजे त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. नेटवर सहा प्रश्नांची चाचणी असते, ती नुसती चाळणी आहे. त्यात बसलात म्हणजे पुढे तपासायला हरकत नाही, एवढाच तिचा अर्थ. लक्ष उडण्याची कारणं इतरही असतात: थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, ॲनिमिया, नैराश्य, चिंता, रोजची दारू किंवा गांजा, आणि झोपेत श्वास अडकणं. घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर हे शेवटचं आधी तपासा. टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि सीबीसी (ॲनिमियासाठी) एकाच वेळच्या रक्तात होतात. साधारण ओळखायची खूण अशी की नैराश्यातल्या विसराळूपणाला सुरुवात सापडते, ‘दोन वर्षांपूर्वीपासून’ वगैरे. एडीएचडीवाल्याला ती सापडत नाही, तो म्हणतो, ‘शाळेपासून असाच आहे.’

‘गोळी लागू पडली म्हणजे एडीएचडीच’ असंही बरेच जण म्हणतात. ते चूक आहे. मिथाइलफेनिडेटने एडीएचडी नसलेल्या माणसालाही जागं-जागं वाटतं.

आता औषध. मेंदूत डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप पोहोचवणारी रसायनं परत शोषली जातात, ते मिथाइलफेनिडेट अडवतं. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. हळूहळू सुटणारी सहा-आठ तास चालते, काही दहा-बारा तासही चालतात. सुरुवात सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी होते आणि आठवड्याला थोडी-थोडी वाढवतात. तुमच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवसापासून मोठा डोस असेल तर का, ते विचारा. मिलिग्रॅमचा आकडा वजनावरून ठरत नाही. कुणाला १० पुरतात, कुणाला ४० लागतात, म्हणून मित्राचा डोस तुमच्या कामाचा नाही. ॲम्फेटामीन गटातली औषधं भारतात बाजारात नाहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या लोकांची चर्चा वाचून तीच नावं इथे शोधू नका.

नाश्ता करून गोळी घ्या. भूक मरते, आणि उपाशीपोटी घेतलीत तर दुपारचा डबा तसाच परत येतो. साध्या गोळीचा शेवटचा डोस चारच्या पुढे नको, नाहीतर रात्री छताकडे बघत पडाल. औषध उतरताना, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, चिडचिड आणि थकवा येतो. तो औषधाचा दोष वाटतो, पण बऱ्याचदा त्यात दिवसभर न खाल्ल्याचाही वाटा असतो. चारला काहीतरी पोटात घाला, मग ठरवा. हळू सुटणारी गोळी चावायची किंवा फोडायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वाढीनंतर बीपी, नाडी आणि वजन बघायचं, पुढे सहा महिन्यांनी. घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, ईसीजी करायला लावतील. काचबिंदू, ताब्यात नसलेलं बीपी, गरजेपेक्षा जास्त काम करणारा थायरॉइड, पूर्वी झालेला सायकोसिस (भास, भ्रम) किंवा मेनिया (बेभान उत्साहाचा झटका) यांपैकी काही असेल तर ही गोळी बहुधा नाहीच, किंवा फार सावधपणे.

सवयीची भीती अगदीच अवाजवी नाही. हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात आणि शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं, ते उगाच नाही. चूर्ण करून ओढलं किंवा मनाने डोस चढवला तर व्यसन लागू शकतं. ठरलेल्या डोसात तोंडाने घेतलेल्या गोळीची मात्र सहसा तलफ लागत नाही. उलट एडीएचडीवाला रविवारी ती घ्यायलाच विसरतो. दारू किंवा गांजाचा इतिहास असेल तर तो लपवू नका, मग ॲटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचं दुसरं औषध जास्त योग्य ठरतं. शेड्यूल एक्समुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि त्यासाठी वेगळं लायसन्स असलेल्याच दुकानात औषध मिळतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘नाही’ ऐकून नाउमेद होऊ नका, डॉक्टरांनाच दुकान विचारा. व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत ते मना आहे.

ॲटोमॉक्सेटीन हे मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक नाही. ४० मिलिग्रॅमने सुरू करून ८० पर्यंत नेतात. असर दिसायला दोन-चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. इथेच लोक फसतात: दहाव्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून सोडून देतात, म्हणजे नुसता मळमळीचा काळ भोगून निघून जातात. जेवणासोबत घेतलं तर मळमळ कमी होते. लघवीला अडखळणं, घाम, तोंड कोरडं पडणं, पुरुषांत लैंगिक तक्रारी हे होऊ शकतं, आणि लाजेपायी डॉक्टरांना न सांगणारे पुष्कळ आहेत. फ्लुओक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर ॲटोमॉक्सेटीनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं, तेव्हा चालू गोळ्यांची यादी दाखवाच. मिथाइलफेनिडेट एखादा दिवस चुकवता येतं. हे मात्र रोज लागतं.

मोडाफिनिल ही जागं ठेवणारी गोळी परीक्षेच्या पोरांमध्ये फार फिरते, ते एडीएचडीचं मान्यताप्राप्त औषध नाही. मनाने घेऊ नका.

ब्राह्मीबद्दल स्पष्ट सांगतो. स्मरणशक्तीवर थोडा उपयोग दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, पण मोठ्यांच्या एडीएचडीवर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. आईचं मन राखायला घेतलीत तर आकाश कोसळणार नाही, फक्त कुठली घेताय ते बघा. २००८ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली होती. सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं स्वतःच मेंदूला मारक, म्हणजे लक्ष वाढवायला जायचं आणि उलटच व्हायचं. भस्म किंवा रसकल्प (धातू, पारा वापरून केलेली औषधं) घातलेलं काहीही टाळा.

ध्यान, व्यायाम, झोप यांचा फायदा होतो, पण तो वेगळ्या जागी. झोप सहा तासांवर आली की कुठलीही गोळी अर्धी वाया जाते. अर्धा तास घाम येईल इतकं चालणं सकाळी केलं तर पुढचे एक-दोन तास बरे जातात, म्हणून अवघड काम त्यात बसवा. पहाटे चारला उठून ध्यान करून झोप कमी करणं हा मात्र तोट्याचा व्यवहार आहे.

खरा पर्याय म्हणावा असा एकच आहे: एडीएचडीसाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. २०१० मध्ये सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी जामातच ८६ प्रौढांवरचा अभ्यास मांडला. औषध चालू असूनही त्रास उरलेल्यांना १२ सत्रं दिली, आणि नुसतं रिलॅक्सेशन शिकवलेल्यांपेक्षा त्यांना जास्त फायदा झाला. हे औषधावर चढवलेलं होतं हे ध्यानात ठेवा. तिथे मनाचं विश्लेषण फारसं नसतं, सगळा भर यादी, कॅलेंडर आणि कामाचे तुकडे यांवर. तुमच्याच कामाचं उदाहरण घ्या. जीएसटीआर-३बी या महिन्याच्या जीएसटी रिटर्नची तारीख २० आणि तुम्ही बसता १९ च्या रात्री. ‘रिटर्न भरणे’ असं यादीत लिहाल तर ते १९ पर्यंत तसंच राहील. लिहायचं असं: १२ तारखेला, ११ वाजता, शर्मांची परचेस बिलं एका फाइलमध्ये, २० मिनिटं. मध्ये दुसरं काही आठवलं तर बाजूच्या कोऱ्या कागदावर एक शब्द टिपायचा आणि परत बिलांवर यायचं. फोन हाताला पोहोचेल अशा जागी नको, ड्रॉवर चालत नाही, दुसरी खोली चालते. अलार्म ‘काम सुरू कर’ असा नको, त्या कामासाठी बसल्या जागेवरून उठायचा ठेवा.

उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात क्रम असाच आहे: आधी भोवतालच्या गोष्टी बदला, आणि तरी आयुष्यातल्या एखाद्या क्षेत्रात ठळक अडचण उरली तर औषध द्या. त्यामुळे तुम्हाला माझा सल्ला असा: नोकरी, गाडी चालवणं किंवा पैशांचे व्यवहार धोक्यात असतील तर वाट बघू नका, औषध सुरू करा आणि सीबीटी सोबत लावा. तसं नसेल तर सहा आठवडे वरचे बदल प्रामाणिकपणे करून पाहा. दोन्हीत मोजमाप सारखंच. तीनच गोष्टी निवडा, उदाहरणार्थ उशिरा गेलेली रिटर्न्स, दिवसात किती वेळा किल्ली शोधली, आणि संध्याकाळी सहाची चिडचिड शून्य ते दहात. रोज रात्री तीन आकडे, बस. नुसतं ‘बरं वाटतंय का’ विचारलं तर एडीएचडीवाल्याला काल काय झालं तेही धड आठवत नाही. औषध घेऊन आकडे हलले नाहीत तर डॉक्टरांशी डोस किंवा औषध बदलण्याबद्दल बोला, मनाने वाढवू नका.

पुढच्या भेटीला तीन गोष्टी न्या: चालू गोळ्यांची यादी, हे आकडे, आणि शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर ती. आणि आईला सोबत घेऊन जा. बाराव्या वर्षाआधी तुम्ही कसे होता ते डॉक्टरांना तिच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही, आणि ब्राह्मीचा प्रश्नही तिला थेट त्यांनाच विचारता येईल.