शिकवलं त्या दिवशी येतं, आठ दिवसांनी का विसरतं?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा. सातवीला भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घेतली, त्या दिवशी सगळ्यांना आली. आठ दिवसांनी निम्मी पोरं १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळी! प्रशिक्षणात ‘मेंदूआधारित अध्यापन’ ऐकलं, पण वर्गात नेमकं काय करायचं?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी हे २/५ येतं कुठून ते पाहू. पूर्ण संख्यांची बेरीज मुलांच्या अंगवळणी पडलेली असते, तीच ती वर अंशांना आणि खाली छेदांना लावतात. १/२ ही त्यांच्या लेखी एक संख्या नसतेच. ‘छेद समान कर’ असं कितीदा बजावलं तरी ही सवय सुटत नाही. चूक डोळ्यांना दिसावी लागते.

पुठ्ठ्याच्या ६० सेंमी लांब पट्ट्या कापा. ६० ला २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी भाग जातो. अर्धी पट्टी ३०, एकतृतीयांश २०. टोकाला टोक लावलं की ५०, म्हणजे ५/६. आता २/५ मोजायला सांगा. २४ भरतात. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या, घाई करू नका.

डोक्यात एका वेळी चारेकच गोष्टी धरता येतात. लसावि, गुणाकार आणि फळ्यावरचं उतरवणं एकदम आलं की पायरी निसटते. म्हणून पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या, दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी ठेवा, तिसऱ्यात शेवटच्या दोन. पाढे कच्चे असतील तर तोवर तक्ता भिंतीवर राहू द्या.

विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं. पुन्हा शिकवण्यापेक्षा आठवायला लावणं जास्त टिकतं. तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद, चार उदाहरणं: एक कालचं, एक गेल्या आठवड्याचं, आणि महिन्यापूर्वीची दोन. त्यांत बेरजेसोबत गुणाकारही हवा. गुणाकारात छेद समान करावे लागत नाहीत, त्यामुळे कोणती रीत लावायची हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. चारही एकाच प्रकारची दिली तर हात आपोआप चालतो. गुण देऊ नका, नाहीतर शेजारच्याचं पाहून लिहितात. उत्तरं मात्र त्याच तासात तपासा. तपासायची राहून गेली तर चूकच पक्की बसू शकते.

कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्यांसाठी रोजची चार उदाहरणं एका वहीत उतरवून ठेवा. मूल परतलं की रोज त्यातला एकच जुना दिवस घ्या.