गायतोंडे ‘कळण्या’बद्दल

तुम्ही विचारलंय की चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रात नेमकं बघायचं काय, आणि एका रंगाच्या फलकाला कोट्यवधी रुपये का मिळतात. किमतीचं आधी संपवतो. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं आणि पुढे तो आकडाही मागे पडला. पण ते हयात असताना असं काही नव्हतं. २००१ मध्ये ते गेले, आणि किमती चढल्या त्या त्यानंतर. आकडा डोक्यात ठेवून चित्रापुढे उभं राहिलं तर डोळे आकड्याकडेच वळतात, म्हणून तो बाजूला ठेवा.

जन्म १९२४, नागपूरचा. आईवडील गोव्याकडचे, वाढले मुंबईत, गिरगावात. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला, पुढे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी नातं जुळलं. सुरुवातीच्या कामात माणसं आहेत, रेषा आहेत, युरोपातला आधुनिक चित्रकार पाउल क्ले याचा प्रभावही दिसतो. हे काम आधी बघाच, कारण रेखाटन उत्तम येत असलेल्या माणसाने आकृती सोडली, हे त्यातून समजतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकृती विरघळत गेली. अशा आकृती नसलेल्या चित्रांना लोक ‘अमूर्त’ म्हणतात, पण हा शब्द त्यांना स्वतःला पटत नसे.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत असं, की त्यांच्या चित्रात वेळ बघायचा असतो. ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, वापरत. रंगाचा थर चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे घेऊन त्या तुकड्यांनी रंग उमटवायचा. लिपीसारखी वाटणारी, वाचता न येणारी ती चिन्हं अशी उमटली आहेत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत. बाकीचा वेळ बसून राहणं, विचार करणं. झेन हा ध्यानावर भर देणारा बौद्ध विचार त्यांना जवळचा होता आणि मुंबईतले अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज यांच्याकडेही ते ओढले गेले होते. पण तेवढ्यावरून चित्रांवर अध्यात्माचं लेबल चिकटवू नका, मात्र बसून राहण्याची ती सवय चित्रात उतरली आहे हे नक्की.

१९६४ च्या सुमारास शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये दिल्लीत निजामुद्दीनला मुक्काम हलला. आणि १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. त्यानंतर काही वर्षं मोठा कॅनव्हास झेपेना. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने कामं केली. मला ती अतिशय प्रिय आहेत, आणि लोक त्यांच्याकडे फार कमी बघतात याचं वाईट वाटतं. रंगच काढून घेतला तरी त्यांची मांडणी किती पक्की राहते, ते तिथे दिसतं.

प्रत्यक्ष बघायचं तर दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मुंबईत कलासंग्राहक जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. कुठली मांडली आहेत ते आधी विचारून घ्या. मोबाइलवर ही चित्रं मरतात, थर सपाट होतात. एकच चित्र निवडा आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोरून हलू नका. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, मलाही आला होता. मग खालचा रंग वर यायला लागतो.