दोन रंगांचा हाफ स्वेटर विणताना नक्षीचा भाग का आवळतो?

तुमचा प्रश्न असा: वडिलांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणतेय, छाती 40, छातीवर दोन रंगांची नक्षी. साधा भाग मापात येतो, नक्षी सुरू झाली की कापड आवळतं. जाड सुई घेऊ का? आणि कोल्हापुरात असा स्वेटर फार गरम होईल का?

सुईचं नंतर बघू. आधी विणलेला भाग उलटा करा. ज्या रंगाची त्या टाक्यांना गरज नसते तो धागा मागून आडवा जातो ना, तो तारेसारखा ताठ दिसतोय का? दिसत असेल तर दुखणं तिथंच आहे. पुढचे टाके कितीही सैल घाला, मागचा धागा आखूड असेल तर कापड त्या धाग्याएवढंच ताणणार.

हे मला आण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, स्वेटरनं शिकवलं. ते पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात. म्हटलं, यंदा थंडीत आपल्या हातचा घालू दे. दोन महिने विणला. घालायला दिला तर डोकं गेलं, हात गेले आणि छातीवर अडकला. आरशासमोर तसेच उभे राहून म्हणाले, "पोरी, स्वेटर झ्याक झालाय, आता ह्यात घालायला बारीक माणूस बघ." माणूस सापडला, माझा भाचा.

चूक कागदावर मांडली तेव्हा कळली. 10 नंबरच्या सुईवर साध्या विणीत इंचाला 7 टाके येत होते. घेर 42 इंच हवा होता, म्हणून 294 टाके घातले. नक्षीत मात्र इंचाला साडेसात बसले. 294 ला साडेसातनं भागा, 39 इंच आणि वर थोडंसं. इंचामागे अर्धा टाका वाढला आणि जवळजवळ 3 इंच गेले.

मग दुसऱ्या स्वेटरला काय बदललं ते सांगते. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे झालेले टाके बोटानं पसरून घ्यायचे आणि मगच दुसरा धागा उचलायचा. एवढ्या एका सवयीनं अर्धं काम होतं. पाचपेक्षा जास्त टाके एकाच रंगाचे असतील तर मागचा धागा मध्ये एकदा विणीत अडकवायचा. पण वरच्या ओळीत त्याच जागी पुन्हा अडकवू नका, नाहीतर पुढून तिथं दुसऱ्या रंगाची उभी रेघ डोकावते. हात फारच घट्ट असेल तर गोल सुईवर विणताना उलटी बाजू बाहेर ठेवून विणा. मागच्या धाग्याला बाहेरून वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे तो आपोआप थोडा लांब पडतो. दिसायला विचित्र दिसतं, पण घट्ट हाताला हा उपाय लागू पडतो.

हे सगळं करूनही फरक उरला तर फक्त नक्षीपुरती 9 नंबरची सुई घ्या. आपल्याकडच्या नंबरात आकडा उतरला की सुई जाड होते, हे नवीन शिकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

आणि नमुना विणून बघताना वीस टाक्यांचा चिटुकला तुकडा नको. निदान पन्नास टाके घाला, नक्षीसकट, आणि धुऊन वाळवून मगच मोजा. स्वेटर गोल विणणार असाल तर नमुनाही गोलच विणा. सरळ विणताना एक ओळ सुलट, एक उलट होते आणि उलट ओळीत बहुतेकांचा हात बदलतो.

आता रंग. तांबडा आणि पांढरा शेजारी शेजारी शोभतात हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, मग ताट असो की स्वेटर. गडबड होते ती तांबडा-हिरवा किंवा निळा-जांभळा घेतला की. गुंड्या हातात वेगळ्या दिसतात, विणल्यावर नक्षी हरवते. दुकानातच दोन्ही गुंड्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर एक परत ठेवा. एका रंगाच्या सगळ्या गुंड्यांचा लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, एकच घ्या. मला त्या मापाला लोकर सगळी मिळून 350 ग्रॅमच्या आसपास लागली.

अजून एक बारीक गोष्ट. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो त्याचे टाके पुढून जरा मोठे आणि उठून दिसतात. म्हणून फुलाचा रंग कायम खालून, जमिनीचा, म्हणजे फुलामागच्या मोकळ्या भागाचा, रंग कायम वरून. मध्येच अदलाबदल झाली की अर्धी नक्षी फिकी पडल्यासारखी वाटते आणि कारण सापडत नाही.

ही वीण फेअर आयल नावानं ओळखली जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातलं हे एक इवलंसं बेट. एका ओळीत दोनच रंग ही तिथली शिस्त. ती जगभर पोचायला इंग्लंडच्या युवराजानं 1922 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर घातलेला स्वेटर बराच कारणीभूत ठरला. हाच युवराज 1921 च्या नोव्हेंबरात पुण्यात होता, शाहू महाराजांनी पुढाकार घेतलेल्या शिवस्मारकाची पायाभरणी करायला. नात्याचा धागा ओढून ताणून जोडतेय, पण कोल्हापूरच्या माणसानं एवढं तरी करावंच.

शेटलंडवाले मुंढ्याच्या, म्हणजे हात घालायच्या भोकाच्या, जागीही गोलच विणत जातात आणि नंतर चक्क कात्रीनं कापतात. त्यांची लोकर एकमेकींना धरून बसते, म्हणून टाके सुटत नाहीत. आपल्या बाजारातली बरीचशी 'लोकर' अॅक्रिलिकची असते, ती गुळगुळीत, कापली की सरसर उसवते. दोन्ही बाजूंनी शिलाई मशीन मारल्याशिवाय कात्री लावू नका. मला कुणीतरी सुचवलं होतं की घोंगड्याची लोकर घे, ती धरून बसेल. बसेल की! पण दख्खनी मेंढीची ती भरड लोकर अंगाला टोचते, तुमचे वडील स्वेटर खुर्चीवरच ठेवतील.

माझा तोडगा कापण्याच्या भानगडीतच न पडण्याचा आहे. नक्षीचा पट्टा चार-पाच इंचांचा ठेवा आणि तो मुंढा सुरू व्हायच्या आत संपवा. म्हणजे नक्षी सगळी गोल विणीत, सुलट टाक्यांनीच होते. मुंढ्यापासून पुढचा-मागचा भाग वेगळा करून साधं विणा. उलट ओळीत दोन रंग सांभाळायचा त्रास वाचतो. फक्त घेर सगळ्यात जास्त लागतो तो याच पट्ट्यात, म्हणून वरचं मोजमाप चुकवू नका.

गरम होण्याचं उत्तरही यातच आहे. मागच्या धाग्यांमुळे नक्षीचं कापड दुपदरी होतं. आपल्याकडे पहाटे गारवा असतो आणि दहा वाजता ऊन चटकायला लागतं, पूर्ण नक्षीचा स्वेटर तेव्हा अंगावर ठेववत नाही. पट्टाच असेल आणि बारीक लोकर घेतली तर चालतो. पन्हाळ्यावर राहत असाल तर मात्र खुशाल भरगच्च विणा.

294 टाक्यांवर 14 टाक्यांची नक्षी बरोबर 21 वेळा बसते. पुढे 147, मागे 147. पुढच्या मधल्या टाक्यावर फुलाचा मध्य धरा, व्ही गळ्याचं टोकही तिथंच येतं. तो एक टाका पिनवर ठेवून दोन्हीकडे 73 उरतात. गळा आधी दर दुसऱ्या ओळीला एकेक टाका घटवत आणि मग दर चौथ्या ओळीला घटवत न्या. मागे मात्र मध्यावर फूल येत नाही, दोन फुलांमधली मोकळी जागा येते. मी पहिल्यांदा ते बघून एक अख्खा पट्टा उसवला होता. तुम्ही उसवू नका, हिशेबच तसा आहे.